निव्वळ तिळाचं तेल

"साहेब, बाटलीत गांजाचा मागमूसही नाही. निव्वळ तिळाचं तेल आहे," प्रयोगशाळेच्या तपासनीस बाईंनी न्यायाधीशांना सांगितलं, आणि आजारी बापासाठी गांजाचं तेल आणल्याच्या आरोपातून थोरली लेक निर्दोष सुटली.

वकिलांना तर आनंद मावेना. "अहो, सुटलात की! तोंड पाडून काय बसलाय? तेल खरं निघालं असतं तर वडिलांचं दुखणं कुणी विचारलं नसतं. सरळ आत!" कायदाही मोठा मजेशीर होता. औषध म्हणून गांजाच्या तेलाला परवानगी होती, पण ते विकायचा परवाना अजून एकाही दुकानाला दिलेला नव्हता. म्हणजे रोग्याने तेल घ्यावं, फक्त कुणी आणू नये.

थोरलीच्या डोक्यात मात्र तेल देणारा माणूस घोळत होता. मेल्याने शपथेवर सांगितलं होतं, अस्सल आहे म्हणून. अटक झाली, शाळेतली नोकरी लटकली, धाकट्या भावाने फोन उचलायचं सोडलं. आणि कशासाठी, तर स्वयंपाकघरात बरणीभर होतं त्या तेलासाठी! रडू येण्याऐवजी तिला हसूच फुटलं.

घरी बाबा उशांना टेकून बसले होते. कॅन्सर हाडांत उतरल्यापासून त्यांना आडवं होणंही जमत नव्हतं. तरी तेल सुरू होतं तोवर तोंडातून हूं की चूं नाही. पोलिसांनी बाटली नेली आणि ते कण्हायला लागले. तेल बंद झालं, दुसरं काय होणार, असं तिला वाटलं होतं.

तिने चपला न काढताच सगळं सांगून टाकलं. "तेल खोटं होतं, बाबा. मग रोज बरं वाटतंय, बरं वाटतंय कशाला म्हणत होतात?"

"पहिल्याच थेंबाला कळलं होतं गं. पण तू माझ्यापायी तुरुंगालाही भ्याली नाहीस. म्हटलं, निदान तुला तरी झोप लागू दे."

किती गाढ झोपत होती ती! भिंतीपलीकडे हा माणूस दात आवळून बसून राहायचा. कण्हायची मोकळीक त्याला शेवटी पोलिसांनीच दिली. तिने बाबांचा हात धरला, तर त्यांनी तो कळवळून ओढून घेतला. हल्ली हात लावलेलाही सोसत नसे.

मग दाराकडे एकदा बघून, आवाज अगदी खाली आणून बाबा म्हणाले,

"आता नाही गं सहन होत. खरं कुठे मिळतं का, बघशील?"