ऐन भरातला थांबा

“तुझा विंचू ऐकून ऐकून कंटाळला असेल,” आई म्हणाली. “सकाळपासून रांगच चाललीय.”

“कंटाळू दे. माझ्या वेळी जागा होईल.”

तालमीच्या हॉलबाहेरच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. आईच्या मांडीवर गिटारची खोळ होती, तिनेच शिवलेली, जाड कापडाची, दुहेरी टाक्याची. आईचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. आज ते बंद ठेवून ती आली होती. ‘तू कशाला येतेस?’ असं विचारल्यावर ‘खोळ कोण धरणार?’ एवढंच म्हणाली होती.

आत विंचू आपल्या बँडसाठी दुसरा गिटारवादक निवडत होता. जुना जोडीदार सोडून गेला होता आणि दौरा तोंडावर आला होता. मुलीने चष्म्याच्या दुकानात सांगूनच टाकलं होतं, निवड झाली की नोकरी सोडणार. “आणि नाही झाली तर?” मालकाने विचारलं होतं. “होणार,” ती म्हणाली होती, आणि गिऱ्हाइकाची काच पुसायला लागली होती.

विंचू हे नाव त्याला चाहत्यांनी दिलेलं. डाव्या हाताची तीन बोटं गिटारच्या दांड्यावर तुरुतुरु पळायची आणि करंगळी मागून येऊन नांगी मारायची. जो तो तोच वेग गिरवायचा.

तिचा जीव मात्र वेगळ्याच तुकड्यावर जडला होता. घरात विंचवाच्या मैफलीची एक जुनी कॅसेट होती, कडेला पिवळी पडलेली चिकटपट्टी लावलेली. दुसऱ्या बाजूच्या शेवटी, टाळ्या संपल्यावर, तो एकटाच वाजवायचा. एरवी छप्पर उडवणारा माणूस तिथे कुजबुजायचा. तळहाताची कड तारांवर टेकवून आवाज दाबायचा आणि त्या दबक्या आवाजात बोटं अशी पळवायचा की ऐकणाऱ्याने श्वास घ्यायला विसरावं. आणि ऐन भरात थांबायचा. शांतता. त्या शांततेत कसलीशी बारीक करकर ऐकू यायची, स्टेजच्या फळीची असावी. मग जिथे सोडलं तिथूनच, एकही सूर न सांडता, पुढे.

हा तुकडा इंटरनेटवर कुठे नव्हता. जुन्या चाहत्यांनाही ठाऊक नव्हता. “फक्त तुझ्याच कॅसेटवर आलाय वाटतं,” असं म्हणून ते हसायचे. हसू देत. शाळेत असल्यापासून ती तो गिरवत होती. गिटार घरातच होती, कुठून आली विचारलं की आई म्हणायची, “पडून होती.” बोटांची सालं गेली, पुन्हा आली. वेग जमला, दाब जमला. सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते थांब्याने. थांबायला कुणालाही येतं. न तुटता थांबायचं होतं.

आई मशीनवरून क्वचितच तोंड उघडायची.

“मनगट आवळलंयस.” नाहीतर, “तिथे थांबली नाहीस तरी चालेल गं.”

“आई, तिथेच तर खरा विंचू आहे!”

“बरं बाई,” म्हणून आई दाताने दोरा तोडायची.

हॉलचं दार उघडलं. ड्रमवाल्याने डोकं बाहेर काढलं. “चला, पुढचं कोण?”

विंचू फोटोतल्यापेक्षा बुटका निघाला. चष्मा कपाळावर, समोर गार झालेली कॉफी. तिने गिटार ॲम्प्लिफायरला जोडली.

“काय वाजवणार?”

“तुमचंच.”

“सगळे तेच वाजवतायत. मला माझाच वीट आलाय.”

तिने ॲम्प्लिफायरचा आवाज कमी केला.

“अगं, वाढव! लपवतेस काय?” ड्रमवाला म्हणाला.

ती वाजवायला लागली. थोड्या वेळाने विंचवाचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. थांब्याला ती थांबली. हॉलमध्ये कुणी हललं नाही. मग जिथे सोडलं होतं तिथूनच तिने उचललं आणि शेवटाला नेलं.

“मध्येच थांबलीस का?” विंचवाने विचारलं.

“तुम्ही थांबता म्हणून.”

“मी?”

“केसाइतकाही फरक ठेवलेला नाही मी.” सही घ्यायला आणलेली कॅसेट तिने पुढे केली. “दुसरी बाजू, शेवटी.”

आपलीच जुनी कॅसेट ओळखून तो हसला. मग त्याने कॅसेट फिरवली आणि चिकटपट्टीवर नख घासलं.

“विकतच्या कॅसेटवर दुसरं काही भरता येऊ नये, म्हणून इथली खाच उघडी ठेवायचे. ती बुजवली की घरी रेकॉर्ड करता यायचं. यावर कुणीतरी केलंय.” त्याने कॅसेट तिच्या हातात परत दिली. “हे मी वाजवलेलं नाही. मला जमणारही नाही.”

गिटारचा दांडा तिने घट्ट धरला.

“कुणाचंही असू दे,” ती म्हणाली. “आत्ता मी वाजवलं. मला घेताय की नाही, ते सांगा.”

ड्रमवाला फिसकन हसला. “ही तर आत्ताच भांडायला लागली!”

“घेतलं,” विंचू म्हणाला. “त्या थांब्यासाठी. तो ज्याला सुचला, त्याला एकदा भेटायचंय मला. शोधून काढ.”

दार उघडंच राहिलं होतं. आई खोळ घेऊन केव्हाच आत आली होती. तिने लेकीच्या हातातून गिटार घेतली, तळहाताची कड टेकवून तारा गप्प केल्या आणि गिटार खोळीत सरकवली.

“सुचतोय कुठला,” ती लेकीला म्हणाली. “वाजवताना मध्येच तू उठलीस. पाळणा हलवायला हात सोडावा लागला.”