दोन महिन्यांचं औषध

सकाळी दहा चाळीसला शिलाईवाली इंजेक्शनला हो म्हणाली. दवाखान्यातल्या सिस्टरांचा कानांवर विश्वास बसेना. पाच महिने त्या तिच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या.

कपड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या या बाईला एचआयव्ही असल्याचं चार वर्षांपूर्वी कळलं. रोज एक गोळी घ्यायची. महिन्याची बाटली ती बरोबर तिसाव्या दिवशी रिकामी करून आणायची, एका दिवसाचाही फरक नाही. पहिली दोन वर्षं ठीक गेली. मग रक्तातला विषाणू चढायला लागला. वजन बेचाळीसवर आलं. ती गोळ्या मोरीत ओतते, असं डॉक्टरांचं मत. सिस्टरांचा संशय वेगळा होता. नवऱ्याचा विषय निघाला की ती खिडकीबाहेर बघायची. त्याच्यापासून लपवायच्या नादात गोळ्या चुकत असणार आणि हिशेब जुळावा म्हणून उरलेल्या टाकून देत असणार.

म्हणूनच इंजेक्शन. आता महिन्याने आणि पुढे दोन महिन्यांतून एकदा इथे यायचं, घरात बाटली नको की पुडी नको. नवऱ्याला पत्ताही लागणार नाही, हे सिस्टरांनी तिला परोपरीने सांगितलं. ती दर वेळी नवं निमित्त काढायची. एकदा सुईची भीती वाटते म्हणाली, तेव्हा सिस्टरांना हसूच आलं. दिवसभर मशीनच्या सुईपाशी बोटं नेणारी बाई ती.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी तिला समोर बसवून साफ सांगितलं, असंच चाललं तर वर्ष निघणार नाही. आज ती आपणहून आली. एवढंच विचारलं, की इंजेक्शन घेतल्यावर तिला गोळीची गरज उरणार नाही ना.

"मुळीच नाही," सिस्टर म्हणाल्या.

तिने लगेच सही केली. कमरेखाली दोन्ही बाजूंना एकेक इंजेक्शन गेलं. तिने हूं की चूं केलं नाही. सिस्टरांचा जीव भांड्यात पडला.

"आता घेऊ दे नवऱ्याला खुशाल घराची झडती," त्या म्हणाल्या. ती कसंनुसं हसली.

दहा मिनिटांनी औषधांच्या खिडकीवरून बोलावणं आलं. शिलाईवाली रिकामी बाटली घेऊन उभी होती आणि हलायला तयार नव्हती.

"अगं, आत्ताच सांगितलं ना? गोळ्या बंद झाल्या तुझ्या. तुझ्या नावावर आता फक्त इंजेक्शन."

"बंद म्हणजे मिळणारच नाहीत?"

"कशाला मिळतील?"

तिने रिकामी बाटली खिडकीत ठेवली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तो मेला तरी इथल्या रांगेत उभा राहायचा नाही, सिस्टर. दोन वर्षं झाली, एक गोळी कापून दोघं खातोय. म्हटलं, आता तरी त्याला अख्खी मिळेल."