परका नर

ज्या ढिगावर काळवीट रोज लेंड्या टाकायचा, त्याच ढिगावर सुरमीबाईंनी पदरातल्या लेंड्या ओतल्या. "दुसऱ्या माळावरच्या नराच्या आहेत, डॉक्टरीणबाई. आपल्या दारात परका हगून गेला, तर कोण गप बसंल?"

डॉक्टरीणबाईंना हसू सुचेना. काळविटाच्या गळ्यात कुंपणाची तार रुतली होती, दोन दिवस त्याला गवत गिळवत नव्हतं. भुलीची बंदूक दिसली, की तो दोन शेतं लांब पळे. शेवटी त्यांनी या म्हातारीला बोलावलं होतं. तरुणपणी हिनं अशाच वासावर नर बोलावून शिकारी केल्या होत्या.

दोघी बाभळीआड बसल्या. वारा फिरला. काळविटानं नाक उंचावलं. मग दुखणंबिखणं विसरून तो तावातावानं थेट ढिगाशी आला, दोघींपासून वीस पावलांवर! पाच वर्षांच्या कॉलेजात डॉक्टरीणबाईंना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी नेम साधला.

तार निघाली, जखम धुऊन झाली. शुद्धीवर आलेला काळवीट धडपडत उठला आणि तिथंच गवत खाऊ लागला. सुरमीबाईंची नजर त्याच्या मांडीवरून हलेना.

"पळ की मुडद्या," त्या ओरडल्या, "माझं मन बदलायच्या आत!"