सदऱ्याचा खिसा

पोलादपूरच्या डोंगरवाडीत भागोजी अंगणात लाकडं फोडत होता. “अक्षदा, खुंटीवरच्या सदऱ्यातून माझी तंबाखूची पुडी दे गो.” मुंबईला विमानांची साफसफाई करणारी त्याची लेक रजेवर आली होती. तिनं सदरा घेतला, पण खिशात हात घातला नाही; बोटानं खिसा उघडून मोबाईलच्या उजेडात आत बघत राहिली. भागोजी गोंधळला. “इंचू हाय काय त्यात?” “सवय लागलीय, बाबा. सीटच्या खिशात न बघता हात घालायचा नाय, असा नियम हाय.” “बरा हाय की.” “मागं एक दिवस विमान सुटायची घाई होती. सायेब म्हणाला, हात चालव. न बघता हात घातला नि इंजेक्शनची सुई टोचली. कुणी वापरलेली, कळलं नाय. तसल्या सुईतून आजार लागू शकतो, म्हणून रक्त परत तपासायचंय.” भागोजीला आजार कळेना, नियम कळेना, दोष कुणाचा तेही कळेना. कुऱ्हाड बाजूला ठेवून त्यानं एवढंच विचारलं, “कवा जायचंय आपल्याला?”