दोन्ही अटी

बारा वर्षं एकमेकांच्या सावलीलाही उभे न राहिलेले दोन पुढारी त्या दिवशी खुर्चीला खुर्ची लावून बसले आणि परवडणाऱ्या घरांची योजना एकमताने मंजूर झाली. अर्जदार पंधरा वर्षं एकाच पत्त्यावर राहिलेला हवा, ही एकाची अट. आज त्याच्या डोक्यावर छप्पर नको, ही दुसऱ्याची. कुणीच हटेना, म्हणून दोन्ही ठेवल्या.

अशी माणसं आणायची कुठून? पण निघाली. याच इमारतींसाठी जी वस्ती पाडली होती, तिथली चाळीस कुटुंबं. अर्जात पत्त्याचा रकाना एकच होता, जुन्या घराचा. ज्यांनी भाबडेपणाने खाली 'सध्या मेहुण्याकडे' असं लिहिलं, त्यांचे अर्ज कारकूनबाईंनी नियमावर बोट ठेवून बाद केले. उरलेल्या सव्वीस कुटुंबांना त्यांनी रजिस्टर पोस्टाने पत्रं पाठवली: घर मिळालं आहे, पंधरा दिवसांत येऊन ताबा घ्या, नाहीतर हक्क जाईल.

सोळाव्या दिवशी पोस्टमनने सव्वीसच्या सव्वीस पाकिटं त्यांच्या टेबलावर आणून ठेवली.

"अहो, एकही दिलं नाहीत?" बाईंचा आवाज चढला.

"तुम्ही लिहिलेल्या पत्त्यावरच चारदा जाऊन आलो, बाई. तिथं नवीकोरी इमारत आहे. रखवालदार म्हणतो, अजून कुणीच राहायला आलेलं नाही."