गुलाबांची शेड

“पाणी पी म्हणून किती वेळा सांगितलं तुला?” सिस्टर जेरोप कडाडली.

न्याबोके खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. अंगात ताप, कमरेत कळ, लघवीत रक्त. सरोवराकाठच्या त्या छोट्या सरकारी दवाखान्यात गुलाबांच्या मळ्यातून आलेली ही महिन्यातली नववी बाई. सगळ्यांचा आजार एकच, आणि जेरोपच्या मते दोषही एकच: आडमुठेपणा.

“तुम्ही एकदा शेडमध्ये या, सिस्टर,” न्याबोके डोळे मिटूनच म्हणाली. “सकाळी चांगलं पोटभर पाणी पिऊन या.”

जेरोप गेली. बायकांना चार शब्द सुनवायचे, असाच बेत होता. मॅनेजर म्बुगुआनं तिला हौसेनं सगळं दाखवलं. गुलाबांच्या बादल्या रोज औषधानं घासत. पाणी गाळून, गार करून भरत. “फुलं परदेशात जातात,” तो म्हणाला. “बादलीला जरा वास आला, की माल परत!”

अकराच्या सुमाराला तिला लघवीला जावंसं वाटलं. एकीनं शेडमागं बोट दाखवलं. दोन संडास. एकाला दार नव्हतं. दुसऱ्याच्या उंबऱ्यावरून पिवळं पाणी बाहेर येत होतं आणि आत पाय ठेवायच्या विटांवर अळ्या वळवळत होत्या. बाहेर मुकादम घड्याळ बघत उभा.

“दोन मिनिटं. उशीर झाला की खाडा,” तो तिच्याकडे न बघताच म्हणाला.

जेरोप तशीच मागं फिरली.

दोन वाजेपर्यंत तिनं कळ काढली. पाय आवळून, घामाघूम होऊन. बायका मान खाली घालून काटे सोलत होत्या. एकीनं फक्त आपलं स्टूल तिच्याकडे सरकवलं.

शेवटी म्बुगुआच्याच लक्षात आलं. “अहो सिस्टर, ऑफिसातलं वापरा की!”

तिथं चकचकीत फरशी, साबण, धुतलेला टॉवेल. ती मोकळी झाली, आणि त्या सुटकेचीच तिला अशी शिसारी आली की तोंडावर पाणी मारूनही जाईना. नऊ जणींना तिनं तोंडावर आडमुठ्या म्हटलं होतं.

“हे बायकांना उघडा,” ती बाहेर येऊन म्हणाली.

“छे! शेडची घाण इथं? त्यांना सवय असते हो.” म्बुगुआ हसला. “दवाखान्याची चिठ्ठी असलेल्या आजारी बाईलाच काय ती परवानगी. वरूनच नियम आहे.”

“नक्की?”

“नियम म्हणजे नियम.”

जेरोपनं त्याच्याच टेबलाशी खुर्ची ओढली, पिशवीतून दवाखान्याचं पॅड काढलं आणि शेडमधल्या पहिल्या बाईला हाक मारली. एकेकीला तिनं विचारलं, तपासलं, लिहिलं. शेड सुटेपर्यंत सत्तर चिठ्ठ्या झाल्या.

त्यांतली एकही तिला खोटी लिहावी लागली नाही.