टी-शर्टवरचे सुळे

नर्सने रक्ताची पिशवी स्टँडला अडकवली, तशी शाल्मलीने हात पाठीमागे लपवला. थॅलेसेमियामुळे तिला दर महिन्याला रक्त चढवावं लागे. एरवी ती कधी कुरकुरत नसे.

"मामा, सिनेमात व्हॅम्पायरने रक्त प्यायलं की माणूस मरतो ना? मग हे ज्याचं आहे, तो मेला का?"

मामाने जॅकेटची चेन ओढून टी-शर्टवरचे सुळे झाकले. लहानपणापासून त्याने एकही व्हॅम्पायरपट सोडला नव्हता. आता भाचीलाही शेजारी बसवून दाखवायचा.

"कुणी मरत नाही गं. लोक आपणहून देतात."

"तू दिलंस तेव्हा दुखलं?"

सुईच्या भीतीने मामाने आजवर रक्त दिलंच नव्हतं.

"अजिबात नाही."

शाल्मलीने लगेच हात पुढे केला. सुई टोचताना मामाला ना तिच्या हाताकडे बघवलं, ना डोळ्यांकडे.